चपळ गाडी आणि रोजचा रस्ता

नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ती किती पळते हा, आणि दुसरा विचारतात तो ती किती पेट्रोल खाते हा. ती वळते कशी, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या तोंडून निघतो. वास्तविक पहिल्या प्रश्नाचें उत्तर गाडीच्या मालकाला वर्षांतून एखादे वेळीं उपयोगीं पडतें. तिसऱ्याचें उत्तर मात्र घरापासून कचेरीपर्यंतच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्याला मिळत असतें. आजच्या भाषणाचा विषय असलेल्या मोटारी या तिसऱ्या प्रश्नाच्या पोटीं जन्माला आल्या. त्या धनिकांच्या शर्यतीच्या गाड्या नव्हेत. मध्यम प्राप्तीच्या माणसाला त्या परवडाव्या, त्यांतून त्यानें कामावर जावें, बाजारहाट करावी, आणि तरीहि एखाद्या घाटवाटेवर त्याचें चित्त प्रसन्न व्हावें, एवढाच त्यांचा हेतु. तो हेतु कोणत्या गाडीनें कितपत साधला, आणि त्यासाठीं काय राखलें व काय सोडलें, याचा हिशेब पाहण्याजोगा आहे.

या हिशेबाची सुरुवात टायरापासून करावी लागते. गाडीचा रस्त्याशीं संबंध येतो तो फक्त चार ठिकाणीं, आणि त्यांतील प्रत्येक जागा सुमारें तळहाताएवढी असते. एंजिनाचा जोर, ब्रेकचा दाब, स्टिअरिंगची आज्ञा, हें सर्व या चार तळहातांतूनच जमिनीला पोंचतें. टायरची पकड ही बांधलेल्या पगारासारखी आहे. ती गाडी ओढण्यावर खर्च केली तर वळण्यासाठीं तितकी कमी उरते. सगळीच ब्रेकवर उधळली तर वळण्यास कांहींच शिल्लक राहत नाहीं. शिवाय वेग दुप्पट केला असतां वळणांत टायरवर येणारा बाजूचा ताण दुप्पट होऊन थांबत नाहीं, तो चौपट होतो. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर साधे चांगले टायर कोरड्या रस्त्यावर ताशीं सुमारें ७० किलोमीटरपर्यंत धरून राहतील. तोच रस्ता पावसानें ओला झाला म्हणजे ही मर्यादा ५५ च्या आसपास येते. एंजिनाची अश्वशक्ति पन्नास असो वा पांचशें, ही मर्यादा तिला जुमानीत नाहीं. म्हणून चांगल्या गाडीचें खरें लक्षण असें कीं ती या मर्यादेची चाहूल चालकाला आधीं देते, आणि तीहि त्याच्या हाताला, पायाला व पाठीला समजेल अशा भाषेंत देते.

दुसरी गोष्ट वजनाची. ९५० किलोच्या गाडीपेक्षां १४५० किलोच्या गाडींत त्याच वेगाला दीडपट ऊर्जा सांठलेली असते, आणि थांबतेवेळीं ती सगळी ब्रेकला उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकावी लागते. वजन किती यासारखेंच तें कोठें आहे यालाहि महत्त्व आहे. दोन्ही टोंकांना घागरी बांधलेली कावड खांद्यावर घेऊन एकाएकीं वळून पाहिलें असतां जी अडचण होते, तीच नाकाशीं व शेपटाशीं जड असलेल्या गाडीची होते. तेंच ओझें पोटाशीं धरलें तर वळणें सोपें जातें. हलकें वजन आणि तें मध्याजवळ, या दोन सूत्रांवर चपळ गाड्यांचें सारें शास्त्र उभें आहे.

या घराण्याच्या एका शाखेची मूळ गाडी म्हणजे इंग्लंडची मिनी. १९५६ सालीं सुएझच्या कालव्याचें प्रकरण पेटलें आणि इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई झाली. लहान व काटकसरी गाडीची गरज भासूं लागली, तेव्हां ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशननें तें काम ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे सोंपविलें. १९५९ च्या ऑगस्टमध्यें त्याची गाडी बाजारांत आली. तिची लांबी अवघी दहा फूट, चाकें दहा इंची, आणि एंजिन ८४८ घनसेंटिमीटरचें. एंजिन आडवें बसवून आणि गिअरची पेटी त्याच्या पोटाखालीं घालून इसिगोनिसनें इतकी जागा वांचविली कीं त्या दहा फुटांत चार माणसें बसूं लागलीं. हा सारा खटाटोप जागेसाठीं होता. चपळाईचा लाभ अनायासें पदरीं पडला. हलकें वजन, चार कोपऱ्यांना टेकलेलीं चाकें, आणि ॲलेक्स मोल्टन यानें योजिलेल्या रबरी स्प्रिंगा, या सर्वांमुळें ती वळणांत चिंगाटासारखी फिरे. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर याच्या हें ध्यानांत आलें, आणि १९६१ सालीं ९९७ घनसेंटिमीटरचें ५५ अश्वशक्तीचें एंजिन व पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालून मिनी कूपर निघाली. पुढें १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षीं मिनीनें माँटे कार्लोची रॅली जिंकली. मोठमोठ्या एंजिनांच्या गाड्या बर्फाळ घाटांत मागें पडल्या आणि ही चिमुकली गाडी पुढें निघून गेली, याचें युरोपांत मोठें कौतुक झालें. तिचे दोषहि उघड होते. लहान चाकांमुळें प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला कळे, एंजिनाची घरघर आंत घुमे, आणि अपघातांत आंतील माणसांचें रक्षण करण्याची तिची शक्ति आजच्या मानानें तुटपुंजी होती.

मिनीची ओढ पुढच्या चाकांची होती. तीच वाट पुढें जर्मनींतील फोक्सवॅगनच्या गोल्फनें धरली. १९७४ सालीं निघालेली ही गाडी सरळसाधी, घरगुती होती. कारखान्यांतील कांहीं मोजक्या मंडळींनीं वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहतां तिची एक चपळ आवृत्ति तयार करण्याचा उद्योग चालविला. ती १९७५ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत मांडली गेली आणि १९७६ सालीं विक्रीस आली. तिचें नांव गोल्फ जीटीआय. एंजिन १५८८ घनसेंटिमीटरचें, शक्ति ११० अश्वांची, वजन सुमारें ८१० किलो. पांच हजार गाड्या खपल्या म्हणजे पुरे, असा कारखान्याचा अंदाज होता. प्रत्यक्षांत त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. याचें कारण तिच्या दुहेरी स्वभावांत आहे. सोमवारीं ती चार माणसांना कामावर नेई, मागचें दार उघडून संसाराचें सामान पोटांत घेई. आणि रविवारीं तीच डोंगराळ रस्त्यावर महागड्या गाड्यांची पाठ सोडीत नसे. एका घराला दोन गाड्या परवडत नाहींत, त्या घरासाठीं हा उत्तम तोडगा होता.

पुढच्या चाकांनीं ओढलेल्या गाडीचा एक मूलभूत गुण आणि एक मूलभूत दोष आहे. बैल पुढें राहून गाडा ओढतो, तशी ही चाकें गाडीला ओढीत नेतात. त्यामुळें ती सरळ चालते, आणि पावसांत नवख्या हातांतहि सहसा बिथरत नाहीं. वळणांत वेग जास्त झाला तर ती फक्त बाहेरच्या अंगाला घसरूं लागते, आणि अशा वेळीं घाबरलेला चालक ॲक्सलरेटरवरचा पाय जो आपोआप उचलतो तोच बहुधा योग्य उपाय ठरतो. दोष असा कीं ओढण्याचें व वळण्याचें, हीं दोन्ही कामें त्याच दोन टायरांवर पडतात. बेताच्या शक्तीच्या एंजिनाला हें सोसतें. पण शक्ति वाढवीत गेलें कीं वळणांतून निघतांना स्टिअरिंग हातांत ओढ घेऊं लागतें, आणि चालकाचा शब्द टायर ऐकेनासे होतात.

दुसरी शाखा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची. येथें पुढच्या टायरांनीं वळावें आणि मागच्यांनीं ढकलावें, अशी श्रमविभागणी असते. एम्जीसारख्या इंग्लिश कारखान्यांनीं अशा हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या कित्येक वर्षें बनविल्या. पण १९८० सालीं ॲबिंग्डन येथील एम्जीचा कारखाना बंद पडला आणि ती परंपरा खंडित झाल्यासारखी वाटूं लागली. तिला नवें आयुष्य मिळालें तें जपानांत. १९७९ सालींच बॉब हॉल या अमेरिकन मोटार-वार्ताहरानें माझदा कारखान्याच्या केनिची यामामोटो यांच्याजवळ अशा गाडीची कल्पना काढली होती. ती मुरत मुरत दहा वर्षांनीं, १९८९ च्या फेब्रुवारींत, शिकागोच्या प्रदर्शनांत एमएक्स-५ या नांवानें साकार झाली. तिचा प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई. त्यानें आपल्या माणसांपुढें ‘जिंबा इत्ताई’ हें जपानी वचन ठेविलें. घोडा व स्वार यांनीं एकजीव व्हावें, असा त्याचा भाव आहे. भीमथडीच्या तट्टांची थोरवी ऐकलेल्या मराठी माणसाला हा भाव फोड करून सांगावयास नको. तें तट्टू उंचीनें व दिसण्यांत अरबी घोड्याच्या बरोबरीचें नव्हतें. पण स्वाराची मांड त्याला कळे, आणि अवघड वाटेवर तेंच उपयोगीं पडे.

एमएक्स-५ च्या पहिल्या गाडीचें वजन ९५० किलोच्या आसपास, एंजिन १५९७ घनसेंटिमीटरचें, आणि शक्ति ११५ अश्वांच्या जवळपास होती. एंजिन पुढच्या आंसाच्या मागें सरकवून बसविल्यामुळें पुढच्या व मागच्या चाकांवर वजन जवळजवळ समसमान पडे. गिअरचा दांडा आंखूड; मनगट हललें कीं गिअर पडे. टायर अरुंद होते, आणि तेंच तिचें मर्म होय. अरुंद टायरावर ती साध्या वेगांतहि किंचित् झुकते, किंचित् सरकते, आणि आपली मर्यादा किती जवळ आली हें चालकाला सांगते. यासाठीं तिनें काय सोडलें तेंहि पाहिलें पाहिजे. मागची बैठक नाहीं, डिकींत दोन लहान पिशव्यांपलीकडे फारसें मावत नाहीं, छप्पर कापडी, आणि बैठक इतकी खालीं कीं गुडघे दुखणाऱ्या माणसाला आंत शिरतांना देव आठवावा. मुलांबाळांच्या घरांत ती एकुलती एक गाडी होऊं शकत नाहीं. तरीहि २०१६ सालीं तिच्या दहा लाखाव्या प्रतीचें उत्पादन झालें. दोन बैठकींच्या उघड्या गाडीला एवढा खप दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आला नाहीं.

या दोन टोंकांच्या मधली जागा २०१२ सालीं टोयोटाच्या ८६ या गाडीनें घेतली. टोयोटा आणि सुबारू या दोन कारखान्यांनीं मिळून ती बनविली. सुबारूची तिची जुळी बहीण बीआरझेड या नांवानें विकली गेली. १९९८ घनसेंटिमीटरचें २०० अश्वशक्तीचें एंजिन, त्याचे सिलिंडर आडवे, त्यामुळें वजन जमिनीलगत. आणि ढकलणारीं चाकें मागचीं. प्रमुख अभियंता तेत्सुया तादा यांचा एक निर्णय लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चपळ गाडीला रुंद, चिकट टायर घालण्याची रीत असतां त्यांनीं या गाडीला प्रियस या टोयोटाच्याच काटकसरी गाडीच्या जातीचे साधे टायर दिले. पकड मुद्दाम बेताची ठेवली म्हणजे गाडीचा तोल कसा सांभाळावा ही कला चालकाला बेताच्या वेगांतहि अनुभवितां येते, हा त्यामागील विचार. या गाडीला मागें दोन बैठका आहेत. त्यांवर मुलें किंवा दप्तरें बसूं शकतात, मोठीं माणसें नव्हेत. परंतु मागची पाठ पाडली असतां बरेंच सामान मावतें, आणि पक्क्या छपरामुळें ऊन-पावसाची चिंता नसते. मात्र मागून ढकलणाऱ्या चाकांचा धोका तिला व माझदाला सारखाच आहे. ओल्या वळणावर ॲक्सलरेटर जोरानें दाबला तर शेपूट बाहेर येतें, आणि घाबरून पाय एकदम काढला तर तें अधिकच बाहेर जाऊं शकतें. यावर उपाय म्हणून चाकें घसरूं लागतांच आपण होऊन ब्रेक लावणारी विद्युत्-यंत्रणा आतां असते. युरोपांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली, आणि ही सक्ति सर्वस्वीं योग्य होय.

आतां तिन्ही गाड्या एका तराजूंत घालून पाहाव्या. केवळ वळणाचा आनंद मोजावयाचा तर माझदाला जोड नाहीं. तोल सांभाळण्याचें शिक्षण घ्यावयाचें, आणि थोडा प्रपंचहि ओढावयाचा, तर टोयोटा उजवी. घरांत एकच गाडी, तिला पांच माणसें, दुकान, दवाखाना, गांवचा प्रवास, सर्व कांहीं पार पाडावयाचें असेल तर गोल्फनें घालून दिलेली वाटच शहाणपणाची. तिच्या स्टिअरिंगांत माझदाइतकें बारीक बोलणें नाहीं. पण रोजच्या दगदगींत तिचें मऊ क्लच, उंच बैठक आणि मोठ्या काचा यांचा जो विसावा मिळतो, तो मिळविण्यासाठीं थोडें बोलणें सोडावें लागलें तर तक्रार करूं नये.

तथापि या वाटेवर एक गोष्ट घडत आली आहे, तिच्याकडे डोळेझांक करितां येत नाहीं. गोल्फ जीटीआयची आठवी पिढी २०२० सालीं निघाली, तेव्हां तिची शक्ति २४५ अश्वांची व वजन १४०० किलोंच्या वर गेलें होतें. वजनाचा एक मोठा भाग आंतील माणसांच्या रक्षणाकडे लागला आहे. चुरगळून आघात शोषणारा सांगाडा, हवेच्या उश्या, मजबूत दारें, यांनीं कितीतरी प्राण वांचविले आहेत, आणि कोणत्याहि शहाण्या माणसाला १९५९ च्या मिनींतून अपघाताला सामोरें जावेंसें वाटणार नाहीं. परंतु वजनाचा दुसरा भाग केवळ मोठेपणाच्या, शक्तीच्या आणि सुखसोयींच्या हव्यासानें वाढला आहे. जड गाडीला रुंद टायर लागतात, मोठे ब्रेक लागतात, त्यांना फिरविण्यास मोठें एंजिन लागतें, आणि त्यानें वजन पुन्हां वाढतें. शिवाय अशी गाडी वेग लपविते. ताशीं शंभर किलोमीटरला आंत बसलेल्या माणसाला साठचा भास होतो. टायर तक्रार करूं लागेपर्यंत वेग इतका झालेला असतो कीं त्या तक्रारीनंतर चालकाच्या हातीं फारसें कांहीं राहत नाहीं. हलकी गाडी चाळीस-पन्नासच्या वेगांत जें शिकविते, तें जड गाडी ऐंशी-नव्वदला शिकवूं पाहते, आणि तेथें चुकीची किंमत फार असते.

दुसरीकडे, हलकेपणा हा अजूनहि साध्य आहे याचा दाखला माझदानें दिला. २०१४ सालीं तिची चौथी पिढी पुढें आली, तेव्हां रक्षणाचीं सर्व नवीं साधनें आंत घालूनहि १५०० घनसेंटिमीटरच्या गाडीचें वजन १००० किलोंच्या आसपासच राखलें गेलें. ॲल्युमिनियमचा वापर, आणि प्रत्येक लहान भागांतील ग्रॅम ग्रॅम वांचविण्याची चिकाटी, यांचें तें फळ. टोयोटाची गोष्ट मात्र निराळी झाली. युरोपांत सुरक्षेचे नवे नियम २०२४ सालीं लागू झाले आणि ते पुरे करण्याचा खर्च थोड्या खपाला झेपेना, म्हणून तिच्या दुसऱ्या पिढीची तेथील विक्री थांबली. त्याच वर्षीं गोल्फ जीटीआयनेंहि क्लच-पेडल व हातानें टाकावयाचे गिअर सोडले. हळूहळू या गाड्यांतील एकेक दार असें बंद होत आहे.

महाराष्ट्राचा या गोष्टीशीं संबंध थोडका असला तरी खरा आहे. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगनच्या कारखान्यांत २०२२ पर्यंत गोल्फची धाकटी बहीण पोलो बनत असे, आणि २०१३ सालीं तिची १.२ लिटरच्या टर्बो-एंजिनाची १०५ अश्वशक्तीची आवृत्ति निघाली, तेव्हां इकडील हौशी चालकांना परवडण्याजोगी चपळ गाडी म्हणजे काय याचा प्रत्यय आला. २०२५ सालीं खुद्द गोल्फ जीटीआय परदेशांतून तयार होऊन भारतांत थोड्या संख्येनें विक्रीस आली. किंमत सुमारें ५३ लाख रुपये. म्हणजे मध्यम प्राप्तीच्या जर्मन माणसासाठीं जन्मलेली गाडी जकात व वाहतूक अंगावर घेऊन येथें धनिकांची वस्तु झाली. तेव्हां येथील गृहस्थानें नांवाच्या मागें न लागतां गुणांच्या मागें लागावें हेंच बरें. साध्या, लहान, एक टनाच्या आंतबाहेर वजन असलेल्या कित्येक घरगुती गाड्यांत हे गुण थोड्याफार प्रमाणांत आढळतात, आणि त्या ओळखण्याची दृष्टि मात्र पाहिजे.

ती दृष्टि मिळविण्याच्या युक्त्या साध्या आहेत. गाडी घेण्यापूर्वीं ती मोकळ्या हमरस्त्यावर पळवून पाहण्यांत फारसा अर्थ नाहीं. तेथें सर्वच गाड्या चांगल्या वाटतात. त्यापेक्षां ती गल्लीबोळांतून, गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून वीस-तीसच्या वेगानें न्यावी. खड्डा ओलांडल्यावर ती एकदांच दबून स्थिर होते कीं होडीसारखी डुलत राहते, हें पाहावें. स्टिअरिंग किंचित् फिरवितांच नाक वळतें कीं आधीं कांहीं क्षण पोकळ जातात, तें पाहावें. ब्रेकच्या पेडलावर पायाच्या दाबाप्रमाणें गाडी थांबते कीं पहिल्या स्पर्शालाच धक्का देते, याची परीक्षा घ्यावी. दाटींतल्या रस्त्यावर अर्धा तास क्लच दाबून पाहावें. मग घरांतील वडील माणसांस मागें बसवून, त्यांच्या गुडघ्यांस व कमरेस काय वाटतें तें विचारावें. कारण चालकाचा आनंद त्यांच्या त्रासावर उभारलेला असूं नये. आणि शेवटीं गाडीच्या कागदावर अश्वशक्तीचा आंकडा वाचण्याआधीं वजनाचा आंकडा वाचावा.

खंबाटकी, कुंभार्ली किंवा आंबोली, कोणत्याहि घाटांत हीच गोष्ट अनुभवास येते. पावसाळ्यांत धुकें उतरलेलें असतें, रस्ता ओला, समोरून मालमोटार येत असते. त्या वेळीं दोनशें अश्वांपैकीं दीडशें तबेल्यांतच उभे राहतात. उपयोगीं पडतें तें टायर काय म्हणतात हें चालकाला कळणें, आणि त्याचें म्हणणें गाडीला कळणें. परवडणारी चपळ गाडी हें ज्ञान रोज, थोड्या वेगांत, थोड्या खर्चांत देत असते. तें देणारी गाडी ज्याच्या दारांत उभी असेल त्यानें तिचे टायर व ब्रेक नीट राखावे, आणि वळण येण्यापूर्वीं वेग कमी करण्याची संवय मोडूं देऊं नये.